नमुना क्रमांक तीन

शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, उद्या अण्णा जेवायला येताहेत. तेवढं टेबल ओल्या फडक्याने पुसून घ्या," आणि त्याने टेबल पुसायचं ठरवलं. एवढंच. यात कोणाला धोका दिसला असता? फडकं होतं, पाणी होतं, टेबल जागच्या जागी उभं होतं. पण पुसणारा तो होता, आणि साधं काम साधेपणाने उरकणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

तो पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होता. ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांतून यायचं, तो बाटलीला चिठ्ठी चिकटवायचा, तिच्यावर 'नमुना क्रमांक अमुक' असं सुवाच्य लिहायचा आणि बाटली वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत पाठवून द्यायचा. पाण्यात पुढे काय निघालं, हे बावीस वर्षांत त्याला कोणी सांगितलं नव्हतं. (एकदा त्याने धीर करून विचारलं होतं. "पाणी," असं उत्तर आलं.) एवढं कुतूहल पोटात साठल्यावर ते कुठेतरी बाहेर पडणारच. ते घरी पडायचं. बायको त्याला 'संशोधक' म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे मात्र त्याला अजून शोधून काढता आलेलं नव्हतं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, पण त्याआधी लेकीसाठी हे टेबल बनवलं. त्यांच्या हातचं शेवटचं काम. आता कोणाकडे गेले की माणसांची चौकशी नंतर, आधी स्वतः केलेलं कपाट नाहीतर खुर्ची बघायची, अशी त्यांची रीत झाली होती.

"ओरखडासुद्धा नको हं," बायको म्हणाली. "त्यांना फार लागेल."

"छे! म्हणून तर मी शास्त्रशुद्ध पुसणार आहे."

तिथेच तिने फडकं त्याच्या हातून काढून घ्यायला हवं होतं. पण तिच्या हातांना पीठ होतं.

बाजारात मिळणारं उग्र वासाचं पॉलिश त्याने विचारातच घेतलं नाही. त्याने नुकताच 'रसायनमुक्त घर' नावाचा एक लेख वाचला होता, आणि त्यात लाकडी सामान व्हिनेगर, लिंबू, सोडा, चहाचं पाणी अशा स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी कसं पुसावं ते दिलं होतं. कशावर कोणता लेप आहे ते आधी ओळखा, असंही दिलं होतं. ते जरा अवघड वाटल्याने त्याने तो परिच्छेद गाळला. पुढचं वाक्य मात्र त्याला मनापासून पटलं: कोणताही उपाय आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहावा.

टेबलाला न दिसणारी जागा एकच. तो टॉर्च, चार वाट्या आणि पेन्सिल घेऊन टेबलाखाली उताणा झाला.

"पुसलं का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चाचणी चाललीय!"

"कसली? फडकं ओलं होतंय का याची?"

टेबलाच्या पोटावर त्याने तळहाताएवढे चार चौकोन आखले. नमुना क्रमांक एक, व्हिनेगर. दोन, लिंबाचा रस आणि तेल. तीन, सोड्याचा लगदा. चार, कोरा चहा. (नुसतं पाणी त्याने घेतलं नाही. पाण्याशी त्याचा बावीस वर्षांचा संबंध होता, त्यात आता नवीन काय कळणार?) उताणं झोपल्यामुळे चष्मा कपाळावर घसरला होता, पण संशोधकाला नजर लागते, चष्मा नाही, असं त्याचं मत होतं.

आणि काय आश्चर्य! कोणत्याही चौकोनाला काही अपाय झाला नाही. उलट तीन नंबरच्या जागी करड्या रंगाचा, रेघारेघांचा बराच मळ होता, तो सोड्याने दोन हातांत साफ निघाला. त्याचा आनंद पोटात मावेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा एका नमुन्याचा निकाल त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला होता!

तो बाहेर आला, वाटीभर सोड्याचा लगदा केला आणि टेबलाच्या वरच्या अंगाला या कडेपासून त्या कडेपर्यंत थापला. शिवाय दहा मिनिटं थांबला, कारण चांगल्या गोष्टीला वेळ द्यावा लागतो. मग पुसलं.

टेबल पांढरं पडलं होतं. काल ज्यात तोंड दिसत होतं, त्यात आता काहीच दिसत नव्हतं. आणि हात ठेवला की चिकटत होता.

सोड्यावर उतारा म्हणून त्याने व्हिनेगर ओतलं. सगळं टेबल फसफसलं, आणि खरं सांगायचं तर, त्या प्रसंगातही ती फसफस त्याने वाकून, कान लावून ऐकली. आवाजाने बायको बाहेर आली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना आता दुसरं नाही करता येणार हो."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

रविवारी टेबलावर जाड चादर अंथरलेली होती. अण्णा आले, खुर्चीवर बसले, चादरीकडे बघितलं.

"थंडी वाजतेय का टेबलाला?"

"नाही, ते... धूळ फार येते," तो म्हणाला.

अण्णांनी मान डोलावली आणि चादरीला हात न लावता टेबलाखाली हात घातला. (सुतार वस्तू वरून बघत नाही, खालून बघतो, हे लेखात कुठेच दिलं नव्हतं.) हात बाहेर काढून त्यांनी बोटं हुंगली.

"लिंबू?"

"नमुना क्रमांक दोन," त्याच्या तोंडून निघून गेलं.

पुढे लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने स्वतःच चादर उचलली आणि सगळं सांगून टाकलं. खाली काहीच झालं नव्हतं, मग वर असं का झालं, हेही त्याने विचारलं. (मान खाली होती, पण प्रश्न काही राहवेना.)

"खाली शाळेच्या बाकांचं उरलेलं व्हार्निश आहे. ते कशालाच दाद देत नाही. वर लाख आहे, हाताने चढवलेली. लाखेला सोडा म्हणजे विष." अण्णा पांढऱ्या डागावरून बोट फिरवत होते. बोट थरथरत होतं. "सगळं टेबल घालवलंत. एक कोपरासुद्धा सोडला नाहीत."

"अण्णा, चुकलं माझं."

अण्णांनी वर बघितलं, तर त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी पिशवीतून एक तपकिरी बाटली आणि कापसाचा बोळा काढला. "लाख आहे, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. दर दोन महिन्यांनी ताजी करतो आणि दोन वर्षं ही घेऊन लोकांकडे जेवायला जातोय. एका माणसाने म्हणून वस्तू खराब केली नव्हती!" त्यांनी बाह्या सारल्या. "लाख काढून पुन्हा चढवता येते, जावईबापू. चादर घ्या ती. जेवण नंतर."

बोळा लाकडाला टेकला आणि हाताची थरथर थांबली. तो बघतच राहिला. बायको दारात उभी होती, ती डोळे पुसून हसली. लाखेच्या एका हातावर दुसरा हात चढत गेला, आणि जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा टेबलात पुन्हा तोंडं दिसू लागली होती. त्यातलं एक त्याचं होतं, आणि ते पडलेलं होतं.

"पण तुम्ही सोडा लावलात कसा?" बोळा डबीत ठेवत अण्णा म्हणाले. "मी लिहून ठेवलं होतं की."

"लिहून? कुठे?"

"टेबलाखाली. म्हटलं, तुम्ही काहीही करण्याआधी तिथेच शिरणार. पेन्सिलीने चांगल्या चार ओळी लिहिल्या होत्या. फक्त ओलं फडकं वापरा, सोडा चुकूनही लावू नका."

तो टॉर्च घेऊन पुन्हा उताणा झाला. या वेळी चष्मा त्याने बोटाने नाकावर दाबून धरला. नमुना क्रमांक तीनचा चौकोन लखलखीत होता. त्याच्या रेघेबाहेर, डावीकडे, पेन्सिलीचा एकच शब्द उरला होता:

'जावईबापू,'

पुढचं सगळं त्याने अगदी शास्त्रशुद्ध पुसून काढलं होतं.