एकोणिसाव्या भागाच्या पुढे

वस्तू उचलली की तिची लायकी कळते, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. उभा जन्म सुतारकामात गेलेला. दार असो, खुर्ची असो, जड लागली तर आत माल आहे आणि हलकी लागली तर भुसा आहे! लॅपटॉप कसा घ्यायचा हे मुलीने फोनवरून तीनदा समजावलं होतं. मिस्त्रींनी तिला सांगितलं, मला कोणी फसवू शकत नाही, आणि फोन खिशात टाकून ते दुकानात शिरले.

तिथे त्यांनी ओळीने मांडलेले लॅपटॉप एकेक करून तळहातावर तोलायला आणि बोटाच्या पेराने ठोकायला सुरुवात केली. विक्रेती मुलगी थोडा वेळ बघत राहिली.

"काका, कलिंगड नाहीये ते," ती शेवटी म्हणाली.

मग तिने काम काय आहे ते विचारलं. मुलीशी बोलायचं, बातम्या वाचायच्या आणि एक मालिका बघायची, एवढंच काम होतं. तोवर मिस्त्रींनी दुकानातला सगळ्यात जड लॅपटॉप छातीशी धरला होता. ती म्हणाली, तो सिनेमे बनवणाऱ्यांसाठी आहे, तुम्ही काय भाजी आणायला ट्रक घेणार का? आणि तिने सगळ्यात पातळ लॅपटॉप पुढे केला.

मिस्त्रींनी तो उचलला आणि त्यांचा हात एकदम खांद्यापर्यंत वर गेला. दूध आहे समजून रिकामं पातेलं उचलावं तसं झालं.

"यात काही भरलेलंच नाही!"

भरावं लागत नाही, ती म्हणाली, सगळं नेटवर असतं. याला पंखा नाही म्हणून आवाज नाही. तापत नाही. एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो. झोपून पोटावर ठेवलात तरी कळणार नाही. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा संशय काही हलेना. मग तिने तो चालू करूनच दाखवायचं ठरवलं आणि खातं विचारलं. मिस्त्रींकडे खातं एकच होतं, बायकोचं. घरातलं असलं सगळं तीच बघायची. थंडीत ती गेली, आणि तिचा फोन तेव्हापासून मिस्त्रींच्या खिशात होता.

विक्रेतीने खातं घातलं आणि पडद्यावर बायको आली.

डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून एक डोळा बारीक केलेली, हसणारी. मिस्त्रींनी काउंटर धरला. पाठोपाठ तिचं सगळं सामान येऊ लागलं. स्वेटरचे नमुने. मुलीच्या गावचं हवामान, जे ती रोज सकाळी बघायची. आणि त्या दोघांची मालिका, जिथे थांबली होती तिथेच, भाग एकोणीस.

"काका, पाणी देऊ?" विक्रेतीने विचारलं.

"हाच द्या," मिस्त्री म्हणाले.

मालिका एका हॉटेलच्या म्हाताऱ्या मालकिणीची होती. कोणीतरी तिच्या सूपमध्ये विष घातलेलं. बायकोचा संशय आचाऱ्यावर, मिस्त्रींचा डॉक्टरवर. यावरून त्यांच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी संसारावरून झाली नसतील. पहिल्याच भागाला बायकोने बजावलं होतं, माझ्याशिवाय पुढे जायचं नाही. एकोणिसाव्या भागाच्या शेवटी डॉक्टर काहीतरी सांगायला तोंड उघडतो. ते त्यांनी बघितलं त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. डॉक्टरचं तोंड तेव्हापासून उघडंच होतं.

मिस्त्रींना पुढचं बघायचंच नव्हतं. रोज दुपारी जेवून आडवं व्हायचं, लॅपटॉप पोटावर ठेवायचा आणि एकोणिसावा भाग लावायचा, एवढाच बेत होता. भाग पाठ झालेला. कुठल्या वाक्याला ती "खोटारडा मेला" म्हणाली होती, तेही पाठ. पहिल्या दुपारी सगळं छान झालं. उठले तेव्हा लॅपटॉप शेजारी गादीवर शहाण्यासारखा मिटून पडला होता.

दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर बायकोच्या फोटोखाली लिहिलेलं, भाग एकवीस, पुढे बघा!

मिस्त्री ताडकन उठून बसले. कोणीतरी तिच्या नावावर पुढे बघत होतं. त्यांनी मुलीला फोन लावला. ती ऑफिसात होती. तिने कुजबुजत सांगितलं की मला स्वतःच्या मालिका बघायला वेळ नाही, तुमच्या कुठे बघू. मग राहिली मेहुणी. पासवर्ड तिलाही ठाऊक होता. मिस्त्रींनी तिला सरळच विचारलं. मेहुणीने तेवढंच सरळ उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि फोन आपटला.

त्या रात्री मिस्त्रींचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुपारी डोकं जड झालेलं, तरी एकोणीस लावला. संध्याकाळी बघतात तर भाग चोवीस! मुलीने दुरूनच पासवर्ड बदलला आणि बाकी सगळीकडून सगळ्यांना बाहेर काढलं. आता ही मालिका जगात फक्त तुमच्याच लॅपटॉपवर दिसेल, बाबा, ती म्हणाली. मिस्त्रींनी कडी लावून घेतली. आणखी एक रात्र टक्क जागून काढली. दुपारी पुन्हा एकोणीस.

भाग अठ्ठावीस.

मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. पासवर्ड कोणाला माहीत नाही, घराला कडी, आणि नाव तिचं. ते बराच वेळ तिच्या त्या बारीक केलेल्या डोळ्याकडे बघत बसले. मग, काय सांगावं, त्यांना चक्क राग आला.

"मला सांगून ठेवलंस, माझ्याशिवाय पुढे जायचं नाही," ते फोटोला म्हणाले. "मी थांबलो ना? एवढे महिने थांबलो. आणि तू खुशाल मला सोडून पुढे गेलीस? दोनच भाग राहिले, तेवढेही थांबवलं नाही तुला?"

"भाऊजी," मागून आवाज आला.

खिडकीबाहेर मेहुणी उभी होती. हातात डबा. भांडण पुरं करायला आली होती, पण तिचं तोंड त्या डॉक्टरसारखंच उघडं राहिलं होतं. मिस्त्रींनी कडी काढली. तिने सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही, हसलीही नाही. उद्या दुपारी मी इथे खुर्चीत बसते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जेवून लॅपटॉप पोटावर घेतला, एकोणीस लावला आणि डोळे वटारून बघत राहिले. शेवटपर्यंत बघितला, अशी त्यांची खात्री होती. उठले तेव्हा लॅपटॉप शेजारी मिटलेला.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं. "आली होती?"

"पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागलात," मेहुणी म्हणाली. "एक भाग संपला की ते आपोआप पुढचा लावतं. मग तुम्ही कुशीवर वळलात, ते घसरलं आणि मिटलं. तुम्हाला पत्ता नाही. पत्ता लागायला त्याला वजन तर पाहिजे."

"मी झोपत नाही." मिस्त्रींना हा आरोप मुळीच मान्य नव्हता. "तुझ्या ताईला विचार. इतक्या वर्षांत तिच्याबरोबर माझं एक वाक्य चुकलं नाही."

"चुकेल कसं? तुम्ही घोरायला लागलात की ती थांबवून ठेवायची. मी कितीदा आलेय तेव्हा. पडद्यावर माणसं तशीच थिजलेली, तुम्ही तोंड वासून पडलेले, आणि ही विणत बसलेली. तुम्ही उठलात की विचारायचात, काय म्हणाला तो? आणि ही म्हणायची, अजून काहीच नाही."

मिस्त्रींना दुकानात बसला होता त्याहून हा धक्का मोठा होता. घरात एवढं चाललेलं, आणि त्यांना आज कळत होतं.

"मग मी पुढचं बघितलं, असं झालं का?" त्यांनी विचारलं.

"झोपेत बघितलेलं धरत नाहीत," मेहुणीने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून ठोकायचे, रंध्याचे आवाज येत होते. दुपारी मेहुणी आली तेव्हा लॅपटॉपच्या खाली जाडजूड लाकडी फळी बसली होती, कडा घासून गुळगुळीत केलेली. मेहुणीने एका हाताने उचलायला घेतलं आणि दुसरा हात लावावा लागला.

"मी पहिल्या दिवशीच सांगत होतो," मिस्त्री म्हणाले. "वजन पाहिजे. आता बघू कशी झोप लागते."

ते आडवे झाले. फळी पोटावर घेताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मग त्यांनी एकोणीस लावला आणि मेहुणीला बजावलं, डॉक्टरने तोंड उघडलं की लगेच बंद करायचं, पुढे जाऊ द्यायचं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. फळी पोटावर तशीच होती. पडद्यावर हॉटेलचा जिना आणि जिन्यावर थिजलेला डॉक्टर, एक पाय हवेत. मेहुणी खुर्चीत वाटाणे सोलत होती.

"काय म्हणाला तो?" मिस्त्रींनी विचारलं.

"अजून काहीच नाही," मेहुणी म्हणाली.