सिंह, मगर आणि मुकुंदची रजा

मुकुंद दिघेला चार दिवस रजा हवी होती आणि त्या चार दिवसांत कुठंही जायचं नव्हतं. नुसतं झोपायचं होतं. गोरव्यातल्या पंपाच्या कारखान्यात आवक-जावक सांभाळताना पावणेदोन वर्षांत त्याला सलग दोन दिवस सुट्टी मिळाली नव्हती. आता तो इतका शिणला होता, की बायकोनं, मंदानं, चहा ठेवू का विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा यायचा.

अर्जावर सह्या दोन लागत. आधी हेडक्लार्क पिलाजीरावांची शिफारस, मग वसावडासाहेबांची मंजुरी. आणि हे दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून, तर सिंह मोठा शिकारी की मगर. साहेब जुनागढचे, गीरचा सिंह म्हणजे त्यांच्या घरचाच माणूस. पिलाजीराव राहायचे विश्वामित्रीच्या काठी; नदीतल्या मगरींना कुणी कमी लेखलेलं त्यांना खपत नसे.

"सही करतो," पिलाजीराव म्हणाले. "पण आधी सांग, मोठा शिकारी कोण?"

"मगर," मुकुंद म्हणाला. सही झाली.

आत साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला. "ए पछी, नंतर बघू, मुकुंदभाई. पहेलां कहो, सिंह के मगर?"

"सिंहच की, साहेब."

साहेबांनी उघडलेलं पेन बंद केलं, दाराशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पिलाजीराव, तमारो माणस पण सिंह कहे छे."

पिलाजीरावांनी आत येऊन आपली सही शांतपणे खोडली. "मला मगर म्हणाला होता हा."

मग आठ दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मुकुंदनं काय ते लेखी द्यावं, कारणांसह. तोवर अर्ज ड्रॉवरमध्ये.

म्हणजे रविवारही गेला. मुकुंद कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांपुढं जाऊन उभा राहिला. सिंह आडवा पडला होता. मगरही पडली होती, जबडा उघडा टाकून.

"शिकार कोण चांगली करतं हो?" त्यानं राखणदाराला विचारलं.

"कसली शिकार, भाई? हा दिवसातले वीस कलाक झोपतो. आणि ती दोन दिवस हललेली नाही."

मुकुंदला दोघांचाही मनापासून हेवा वाटला. तो तासभर तिथंच बसून राहिला आणि घरी येऊन एका दमात लिहून मोकळा झाला: 'सिंह दबा धरून झेप घेतो, मगर पाण्यात वाट पाहून ओढते. दोघेही सारखेच थोर, कारण दोघांनाही कामाआधी भरपूर विश्रांती मिळते. माझ्या अर्जाचा या दृष्टीनं विचार व्हावा.'

सोमवारी दोघांनी ते एकत्र वाचलं. दोनदा वाचलं. साहेबांनी चहा मागवला, पिलाजीरावांना खुर्ची दिली.

"तुम्ही मोकळा सिंह पाहिलाच नाही, पिलाजीराव. चालो गीर. चार दिवस."

"येतो की. पण परत आल्यावर तुम्ही आमच्या घाटावर मगरी बघायला यायचं."

मुकुंद दारात उभा होता. "साहेब, माझा अर्ज?"

"अरे, आम्ही दोघंही नसणार," पिलाजीराव म्हणाले. "तू गेलास तर ऑफिस कोण बघणार?"

साहेबांनी मान डोलावली आणि रजेचं रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं. मुकुंदनं दोघांची नावं लिहिली, तारखा लिहिल्या.

"कारण काय घालू?"

"विश्रांती घाल," पिलाजीराव म्हणाले. "तुझं म्हणणं पटलं आम्हाला."