चौथ्या मजल्यावरचं दार

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि शनिवारी त्यांचं भाड्याचं घर रिकामं करून किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची होती. त्यासाठी ताईंना एक दिवसाची सुट्टी हवी होती. ताई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घेत. अडकलेल्या माणसांची आरडाओरड शांतपणे ऐकण्याचा सराव असल्यामुळे मॅनेजरसाहेबांकडे जाताना त्यांना वेगळी तयारी करावी लागत नसे.

साहेब कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नसत. वाक्याच्या शेवटी काय येणार हे त्यांना सुरुवातीलाच कळे, आणि ते चूक निघालं तर दोष वाक्याचा असे.

"साहेब, शनिवारी मला वडिलांच्या—"

"परत वडील? ओ बाई, त्यांचं आटोपलं ना सगळं?"

"घर रिकामं करायचंय. किल्ली—"

"घर काय पळून चाललंय? रविवारी करा."

रविवारी तिथं दुसरं बिऱ्हाड येणार होतं. पण ते वाक्याच्या उत्तरार्धात होतं.

"आणि आज मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई येताहेत. आपली लिफ्ट चालू आहे ना? हो की नाही, तेवढंच बोला."

"हो, पण—"

"'हो' मिळालं. 'पण' तुमच्याजवळ ठेवा."

ताईंनी तो ठेवला. लिफ्ट चालत होती, पण सकाळपासून चौथ्या मजल्यावर तिचं दार उघडत नव्हतं, आणि तिथं गेली की ती खालीही येत नव्हती. शहाण्यानं तिसऱ्यावर उतरून एक जिना चढावा, परत आलो की बघतो, असं मेकॅनिक बाहेर पडता पडता सांगून गेला होता. ऑफिस चौथ्यावर होतं.

दुपारी साहेब पाहुण्या बाईंना आणायला नेहमीसारखे जिन्यानं खाली उतरले, तसे शिपाईकाका अस्वस्थ झाले. "ताई, सांगायला नको का?"

"मी सांगून बघितलं, काका. आता तुम्ही बघा."

काका घाईघाईनं खाली गेले आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. "मी नुसतं 'साहेब, लिफ्ट' म्हटलं. म्हणाले, मला लिफ्ट शिकवतोस का?"

तेवढ्यात लिफ्ट चौथ्यावर आली, थांबली, आणि थांबली ती थांबलीच.

"ओ बाई, दार उघडत नाहीये," आतून आवाज आला.

"हो, साहेब."

"हो काय, हो? मेकॅनिक कुठाय?"

"तो आपल्या—"

"आपल्या-तुपल्या करू नका. कुठाय ते मोठ्यानं सांगा."

मोठ्यानं सांगायचा हुकूम झाला होता. ताईंनी दाराच्या फटीशी तोंड नेलं. "आपल्या घरी आहे, साहेब. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला सकाळी आपणच धाडलंत."

साहेब आत खाकरले. मग तपासनीस बाईंचा आवाज आला, "हा मेकॅनिक कंपनीचा ना?"

"म्हणजे मॅडम, त्याचं काय झालं—"

"राहू दे."

ताईंनी साहेबांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. "मशीन सगळं खोलून ठेवलंय त्यानं. ते परत जोडल्याशिवाय मी काही त्याला सोडायची नाही. ह्यांना म्हणावं, दम धरा. तसंही ऑफिसात दिवसभर करतात काय?"

निरोप देण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकही शब्द न गाळता त्यांनी तो फटीतून आत सोडला. आत कुणीतरी हसलं. ते साहेब नव्हते.

मशीन जोडून, एकदा कपडे धुऊन खात्री पटवून मेकॅनिक आला, तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. बाई बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, "तपासणी झाली" म्हणाल्या आणि जिन्यानं निघून गेल्या.

आता साहेबांची उचलबांगडी होणार, अशी ऑफिसातल्या भोळ्या लोकांची समजूत झाली. तसं काही झालं नाही. साहेबांना एक कडक फोन आला आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्याच तोऱ्यात कामावर निघाले. फरक एवढाच, की त्यांनी लिफ्टची धास्ती घेतली होती. सगळे जिने चढून, घामानं डबडबलेले, ते वर आले आणि खुर्चीत कोसळले. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

ताई उठून समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, माझे वडील गेले. शनिवारी त्यांचं घर रिकामं करायचंय. त्यांचे कपडे आहेत, चष्मा आहे, उशाशी अर्धं वाचलेलं पुस्तक आहे. रविवारी तिथं दुसरी माणसं राहायला येताहेत. त्याआधी हे सगळं मला माझ्या हातानं उचलायचंय. म्हणून शनिवारी मी येणार नाही."

एवढं सलग ताई त्या महिन्याभरात कुणाशीच बोलल्या नव्हत्या. घरी आलेली माणसं मध्येच रडत, आणि मग त्यांचीच समजूत घालावी लागे.

साहेबांनी धापा टाकत एक हात वर केला. तो पाण्यासाठी होता की नकारासाठी, हे सांगणं कठीण होतं.

"आभारी आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "काका, साहेबांना पाणी द्या जरा."

"आत्ता आणतो," काका म्हणाले. वाटेत सुट्ट्यांच्या फळ्यापाशी थांबून, खडूला नीट टोक काढून, त्यांनी वळणदार अक्षरात ताईंची शनिवारची सुट्टी लिहिली, आणि मग ते पाण्याकडे वळले.