गाणाऱ्या गाजराची दिवाळी

एका जंगलात, बाळांनो, सशांची एक टेकडी होती. वरून टेकडी, आतून नुसती बिळंच बिळं. तिथे पोरांना पालेभाज्यांची नावं ठेवायची पद्धत होती. मोठेपणी तीच भाजी पानात आली, तर निदान नाक मुरडायची लाज वाटावी, एवढाच हेतू.

या टेकडीवर अंबाडी नावाची सशीण राहायची. तिचा नवरा चाकवत आणि मुलगी मेथी. एकच मुलगी. सशांच्या घरात एकच मूल म्हणजे केवढी आधुनिक गोष्ट, ते तुम्हाला कळायचं नाही. आईबाबांना विचारा. किंवा राहू द्या.

पूर्वी एका घरात चौदा पोरं असत आणि चौदांना मिळून एक लाकडी भोवरा असे. तो ज्याच्या हाती लागे त्याच्यामागे बाकीचे तेरा धावत. म्हणून त्या काळचे ससे फार चपळ होते. आता घरात पोर एकटं, पण काका, मामा, आत्या आणि मावश्या मात्र त्या चौदांच्या घरांतल्या. दिवाळी आली की सगळे मेथीला भेटायला यायचे. रिकाम्या हाताने पोराकडे जाणं कुणालाच बरं दिसत नसे.

त्यामुळे मेथीचं बीळ भरत चाललं होतं. चावीचं कासव होतं, पंख हलवणारा मोर होता, सात हत्ती होते. एक ठोकळ्यांचा किल्ला होता, त्याचे ठोकळे रात्रंदिवस पायाखाली येत. आणि करडई आत्याने दिलेलं गाणारं गाजर होतं. ते बॅटरीवर चालायचं. जरा धक्का लागला की लाल दिवा लावून ‘गोड गोड गाजर, आम्ही सदा हजर’ असं गायला लागायचं. ते बंद करायचं बटण कुठे आहे, हे टेकडीवर कुणालाच सापडलं नव्हतं.

मेथी काय करायची? मेथी सगळ्याच्या मधोमध बसायची आणि म्हणायची, “आई, कंटाळा आला.”

पण अंबाडीचं दुःख कंटाळ्याचं नव्हतं. सशाच्या बिळाला दोन दारं असतात. पुढच्या दाराने पाहुणे येतात आणि मागच्या दाराने, कोल्हा आला की, घरचे पळतात. गेल्या वर्षी कोल्हा आला तेव्हा तिघं मागच्या दारानेच वाचली होती. चाकवतच्या शेपटीचं टोक तेवढं गेलं. आता त्या मागच्या दाराशी सात हत्ती, किल्ला आणि मोर यांचा ढीग झाला होता. तो ढीग दिसला की अंबाडीच्या मनात एकच यायचं. कोल्हा आला तर मेथीला घेऊन कुठून पळायचं?

दिवाळी आठवड्यावर आली तशी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, या वर्षी मेथीला एकच भेट. सगळ्यांनी मिळून एक. मी तसा निरोप देते.”

चाकवतने उकरलेली मुळी चघळत विचारलं, “आणि करडईताईला कोण सांगणार?”

“निरोप्या पोपट सांगेल. तुम्ही नका काळजी करू.”

पोपटाने टेकडीभर निरोप फिरवला. नातेवाइकांनी तो नीट ऐकून घेतला आणि आपापल्या परीने पाळला.

पहिले आले तांदुळजा मामा, अंबाडीचे थोरले भाऊ. त्यांच्या डोक्यावर झोपाळा होता.

“दादा, एकच भेट म्हणून सांगितलं होतं ना?”

“मग एकच तर आणलाय,” मामा म्हणाले. “दोन झोपाळे दिसतायत का तुला?”

पाठोपाठ बाकीचे आले. प्रत्येकाने एकच आणली होती. सर्वांत शेवटी करडई आत्या आल्या. त्या चाकवतच्या मोठ्या बहीण, त्यामुळे त्यांनी भेट आधी ठेवली आणि मग त्या बोलल्या. एकच पेटी होती. तिच्यात बारा बाहुल्या होत्या.

“वन्सं, अहो, मेथीला आता पाय ठेवायला जागा नाही,” अंबाडी काकुळतीला येऊन म्हणाली.

“अंबाडी, आम्हाला लहानपणी भोवऱ्याला हात लागला नाही,” आत्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. “तेरावी होते मी. भाचीला पाहिलं की मला तो भोवरा आठवतो. आता तू नको म्हण.”

आता अशा वेळी कोण नको म्हणेल? तुम्ही म्हणाल? बघू या, मोठे व्हा आधी.

अंबाडी हार मानणारी नव्हती. तिने टोपल्या काढल्या. फराळाच्या निमित्ताने एकेका टोपलीत दोन करंज्या वर आणि चार खेळणी खाली घातली, आणि शेजारच्या बारा बिळांत पोचवून आली. घर मोकळं झालं. मागच्या दारातून पहिल्यांदा उजेड आत आला. अंबाडीला इतकं हायसं वाटलं की ती त्या उजेडात जरा वेळ नुसती बसून राहिली.

पण बाळांनो, कुणाची टोपली आली तर ती रिकामी परत पाठवायची नाही, ही टेकडीची रीत. अंबाडी याच रीतीत वाढलेली, आणि नेमकी तीच विसरली. शेजाऱ्यांकडेही पोरं होती. पोरांना आत्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा टोपल्या परत आल्या, वर दोन चकल्या आणि खाली सहा-सहा खेळणी. शेवटच्या टोपलीत गाणारं गाजर होतं. ते तीन घरं फिरून आलं होतं आणि अजून गात होतं.

मागचं दार आता पूर्वीपेक्षा घट्ट बंद झालं.

आणि भाऊबिजेच्या दुपारी पुढच्या दारात कोल्हा उभा राहिला.

अंबाडीने मेथीला मागे ओढलं. मागे जायला जागाच नव्हती. चाकवत ढिगातल्या एका हत्तीच्या आड लपायला बघत होता.

“वहिनी, घाबरू नका,” कोल्हा फार अदबीने म्हणाला. “आज सणाचं आलोय. मेथीसाठी छोटीशी भेट.” त्याने टोपली खाली ठेवली. तिच्यात एक लाकडी चेंडू होता. “तुमच्यात टोपली रिकामी परत पाठवत नाहीत म्हणे. मी संध्याकाळी न्यायला येतो. आत काय घालायचं ते तुम्ही ठरवा. माझी आवड तुम्हाला ठाऊक आहेच.”

त्याने मेथीकडे एकदा पाहिलं आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसला.

“रिकामी देऊन टाकू,” चाकवत कुजबुजला.

“काहीतरीच काय,” अंबाडी म्हणाली. “लोक काय म्हणतील?” मेथीला तिने छातीशी धरलं होतं, तरी तिच्या तोंडून हेच निघालं. टेकडीवरची माणसं अशीच होती. माणसं म्हणजे ससे.

मग बोलता बोलता ती थांबली. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “त्याला पिल्लं आहेत ना?”

संध्याकाळी कोल्हा आला तेव्हा टोपली भरलेली होती. तिच्याशेजारी आणखी बारा टोपल्या भरलेल्या होत्या. त्यांच्यामागे शेजारपाजारचे ससे आपापल्या टोपल्या घेऊन रांगेत उभे होते, कारण बातमी पोपटाने ऐकली होती.

“हे काय?” कोल्हा म्हणाला.

“तुमच्या पिल्लांना, भाऊजी. मेथीकडून,” अंबाडी म्हणाली. “लहान पोरीच्या हातचं नको म्हणू नका. तुम्हीच रीत काढलीत.”

कोल्हा धूर्त होता, पण रीतसर आला होता. रीतसर आलेल्याला दात दाखवता येत नाहीत. तो टोपल्या मोजू लागला, आणि तेवढ्यात मेथीने पुढे होऊन सगळ्यांच्या वर गाणारं गाजर ठेवलं. ते गायला लागलं.

कोल्हा ते ओझं ओढत घरी गेला. बातमी अशी आहे की कोल्हीण त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. पिल्लं मात्र गाजरावर इतकी खूश झाली की घटकाभरही हातचं सोडीनात. घरी ठेवलं तर रडत, आणि बापाबरोबर शिकारीला निघाली तर गाजर घेऊन निघत. तेव्हापासून कोल्हा लांबच्या ओढ्यापाशी असला तरी टेकडीवर ‘आम्ही सदा हजर’ ऐकू येऊ लागलं. ससे हातातलं काम संपवून, दाराला कडी घालून, सावकाश पळू लागले.

अंबाडीचं बीळ मोकळं झालं. राहिला तो कोल्ह्याचा लाकडी चेंडू. मेथी तो पुढच्या दारातून आत ढकलायची, मागच्या दाराने बाहेर पडून त्याच्यामागे धावायची आणि पुन्हा पुढून यायची. चार दिवसांत ती आईपेक्षा जोरात पळायला लागली. कंटाळा हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. अंबाडी दारात बसून पाहायची आणि सुखावायची. एवढंच तर तिला हवं होतं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढची दिवाळी आली.

टेकडीवर सभा भरली. तांदुळजा मामा अध्यक्ष होते. खेळण्यांमुळे टेकडी वाचली, हे कुणालाच नाकारता आलं नाही. तेव्हा टेकडीच्या रक्षणासाठी यंदा प्रत्येक पोराला प्रत्येक नातेवाइकाने दोन-दोन भेटी द्याव्यात, असं एकमताने ठरलं.

करडई आत्या सगळ्यांच्या आधी हजर झाल्या. “माझ्या गाजरानं वाचलात,” त्या म्हणाल्या. “नको नको म्हणत होतीस.”

अंबाडी मनातल्या मनात धुमसली. कारण ते खरं होतं, आणि खऱ्या गोष्टीचा राग फार येतो.

आत्यांनी या वेळी गाणारा मुळा आणला होता. तो गाजरापेक्षा मोठ्याने गायचा आणि मध्येमध्ये शिट्टी वाजवायचा. अंबाडीने तो दोन्ही हातांनी घेतला. वन्संना वाकून नमस्कार केला, चहा दिला, चिवडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोपली काढली, वर दोन करंज्या ठेवल्या आणि लांडग्याचं घर विचारत निघाली.

तात्पर्य : मुलांना भेटी भरपूर द्याव्यात, हात आखडू नये. फक्त ती मुलं आपल्या शत्रूची असावीत. आणि आपल्या घरी कुणी बंद न होणारं गाणारं खेळणं प्रेमाने आणून दिलं, तर आभार मानावेत, आणि तो पाहुणा आपल्याला ससा समजतो की कोल्हा, याचा एकदा निवांत विचार करावा.