जाईबाईची खिडकी

"बांधीन तर असं घर बांधीन, की केजचे इंजिनियर येऊन टेप लावून मापं घेऊन जातील!"

धुळाजीनं ही घोषणा केली ती गावच्या सहकारी दूध संस्थेच्या सभेत. संस्थेत त्या दिवसांत दूध सोडून सगळं होतं. दुष्काळ एवढा लांबला होता की जनावरं चारा छावणीला गेलेली, कॅन पालथे पडलेले, आणि फॅट काढायच्या मशीनमध्ये चिमणीनं संसार थाटलेला! पण सभा मात्र दर महिन्याला भरायची म्हणजे भरायची. अध्यक्षस्थानी चेअरमन माणिकराव, लिहायला सेक्रेटरी धुळाजी, आणि सगळ्यांच्या हातात काळा चहा. दूध संस्थेचा काळा चहा! पिताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा अलिखित नियम होता.

"जागा कुठली म्हनं?" माणिकरावांनी विचारलं.

"तळ्यातली."

सभेत एकाला ठसका लागला.

हे तळं बहात्तरच्या दुष्काळात गावानंच खणलं होतं. धुळाजीचं लग्न नुकतंच झालेलं. तो खडी फोडायचा आणि जाईबाई मातीच्या पाट्या बांधावर नेऊन टाकायची. धुळाजीच्या वडिलांचा तुकडाही त्याच तळ्यात गेला. पुढं काही वर्षं पाणी साठलं, आणि मग पावसानं अशी पाठ फिरवली, की तळ्यात पाणी म्हणजे बैलाच्या खुरात मावेल तेवढं. धुळाजीचा तुकडा परातीसारखा सपाट, उघडा पडला होता.

जाईबाईला मात्र एकच हौस. "एवढी माती व्हाईली म्या. एकदा तरी खिडकीत बसून त्या तळ्याचं पानी बगायचंय." ती हे वर्षानुवर्षं म्हणायची आणि धुळाजी वर्षानुवर्षं "बगू" म्हणायचा. पण त्या वर्षी अंबाजोगाईला तिच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी धुळाजीला एकट्यालाच आत बोलावलं. बाहेर आला तो तडक गवंड्याकडं गेला.

गवंडी म्हणजे उत्तरेश्वर. तोही सभेला होता. तो हळूच म्हणाला, "दादा, शेतजमिनीवर घर बांधायला परवानगी लागती म्हनं. तलाठ्याला तरी इचारा."

"कावून? उताऱ्यावर नाव माझं हाय! माझ्या जागेत मला कोन इचारनार?"

"परवानगीच पायजे ना?" माणिकराव खुर्चीत पुढं सरकले. "मंग ही सभा कशाला हाय? सूचक कोण? अनुमोदक कोण? मंजूर!"

हसू नका. त्या संस्थेनं ठराव करून जत्रेचा तमाशा ठरवला होता, रुसलेली सून माहेराहून आणली होती आणि एकदा तर एसटीची वेळ बदलून घेतली होती. गावाचा ठरावावर औषधाहून जास्त विश्वास! तेव्हा दूध संस्थेनं घराला परवानगी दिली, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पाया खणायला सुरुवात झाली. वरच्या अंगाला एक घडीव दगड रोवलेला होता, त्यावर पांढऱ्या रंगाचे पोपडे.

उत्तरेश्वरनं थापी खाली ठेवली. "दादा, ह्यो पान्याच्या हद्दीचा दगड हाय. तळं भरलं की पानी हितपतुर येतंय."

"कंचं पानी?"

उत्तरेश्वरनं चारी दिशांना पाहिलं. साक्ष द्यायला थेंबभर पाणी कुठं नव्हतं.

"उचल! आसा दगड उंबऱ्याला लई शोभंल."

जाईबाई शेजारच्या बाभळीखाली बसली होती. तिथूनच म्हणाली, "आवो, दगड वर हुता. म्हंजे घर खाली आलं की!"

"खाली म्हंजे पान्याच्या जवळ! तुलाच पायजे हुतं ना?"

यावर ती हसली. हसताना तिला धाप लागली, आणि वाद तिथंच संपला.

घर उभं राहिलं. दगडाचं, सिमेंटचं, दोन खोल्यांचं, आणि तळ्याच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढी खिडकी! माणिकरावांनी नारळ फोडला. नारळातही पाणी निघालं नाही.

मग विजेच्या जोडणीसाठी घराची नोंद हवी म्हणून धुळाजी केजला तलाठ्याकडं गेला आणि मोठ्या ऐटीत ठरावाची नक्कल पुढं केली.

तलाठ्यानं ती दोनदा वाचली. "आजोबा, ही दूध संस्था हाय."

"व्हय. नोंदणीकृत!"

"ती दुधाचा भाव ठरवू शकती. घराची परवानगी न्हाई देऊ शकत. आन् ही जमीन तळं खणलं तवाच तलावासाठी घेतलीया. उताऱ्यावरचं नाव बदलायचं राहून गेलंय, एवढंच. तुमी घर सरकारी पान्यात बांधलंय."

"पानी कुठंय?"

"येईल की कधीतरी."

आता यात अवघड काही नव्हतं. घर बांधण्याआधी विचारायचं, जमीन कुणाची, ती कशासाठी राखलेली, आणि पाणी कुठवर येतं. शाळेतल्या पोराच्याही ध्यानात राहील. धुळाजीनंही हे सगळं विचारलं, फक्त छप्पर झाल्यावर!

"पाडावं लागंल?" त्यानं विचारलं.

"लागंल."

धुळाजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मंडळी आजारी हाय माझी. खिडकीत बसती. जरा दमानं घेता का?"

तलाठ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग टेबलावरचा पंखा उगाच इकडचा तिकडं केला. "मोठे सायेब दौऱ्यावर हायेत," तो म्हणाला. "लई लांबचा दौरा हाय."

धुळाजीनं घरी यातलं अक्षरही सांगितलं नाही. जाईबाई खिडकीत बसून असायची. समोर भेगाळलेली माती, त्यात पोरं क्रिकेट खेळायची. "पानी नसंना," ती म्हणायची, "जागा तर दिसती."

गाव पावसासाठी कपिलधारला नवस बोलायला निघालं तेव्हा धुळाजीही जीपमध्ये बसला. परत आल्यावर जाईबाईनं विचारलं, "काय मागितलंत?"

"पानी."

"किती?"

"उंबऱ्याच्या खालपतुर."

तिनं त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या पोटातलं तिला कळायचं ते कळलंच. "आसं मापून कुनी मागतं व्हय? देव काय दूध संस्थेत हाय?"

मृग कोरडा गेला. त्याच कोरड्या मृगात, भरदुपारी, जाईबाई खिडकीत बसल्या बसल्या गेली. पोरांचा चेंडू आत येऊन पडला होता. तो तिच्या मांडीवर तसाच राहिला.

आणि भाद्रपदात पाऊस आला. तो असा आला, की मागची सगळी वर्षं एकदम भरून काढायची जणू पैज लागली होती. तळं भरलं. पाणी उंबऱ्यावरून आत शिरलं, चुलीवर चढलं आणि खिडकीला लागून थांबलं.

सगळं गाव बांधावर जमलं. हलगी घुमू लागली, गुलाल उधळला, म्हातारे नाचायला लागले! तेवढ्यात कुणाला तरी टोकाला बसलेला धुळाजी दिसला. हलगी थांबली.

"वाजवा बे!" धुळाजी ओरडला. "कावून थांबलात? तिनंच व्हाईलीय ही माती!"

माणिकराव त्याच्याजवळ येऊन उकिडवे बसले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांना येत होतं तेच ते बोलले. "सेक्रेटरी, दोन ठराव घिऊ. तळं भरलं म्हनून अभिनंदनाचा, आन् घर गेलं म्हनून दुखवट्याचा. कंचा आधी घ्यायचा, तुमीच सांगा."



पुढं पाटबंधाऱ्याचा माणूस पाणी मोजायला आला. "हद्दीचा दगड कुठाय?"

सगळ्या गावानं धुळाजीकडं पाहिलं. धुळाजीनं तळ्याच्या आत बोट केलं. "तितं. आमच्या उंबऱ्याला."

घर पाडायचं राहूनच गेलं. पाण्यात कोण उतरणार? आता गावात पाणी मोजायला दुसरं मापच नाही. परळीच्या गाडीत कुणी विचारलं, की तळ्यात पाणी किती, तर गावचा माणूस सांगतो, "जाईबाईच्या खिडकीला लागलंय." उन्हाळ्यात सांगतो, "जाईबाईच्या चुलीवर आलंय."

धुळाजी रोज संध्याकाळी बांधावर असतो. परवा एक जण तिथं उभा राहून फोनवर पाव्हण्याला ओरडून सांगत होता, "फुल्ल! खिडकीला टेकलंय!"

"न्हाई बे," धुळाजी म्हणाला. "चार बोटं कमी हाय आजून. बोलायच्या आधी नीट बगत जावं मानसानं."

एवढं बोलून तो आपल्याच टोपीशी चाळा करत बसला.