बापटांचा नामंजूर यमन

आमच्या वरच्या क्वार्टरमधले बापटकाका रोज संध्याकाळी सहाला ऑफिसातून येतात, बूट काढतात आणि यमन रागातल्या एका बंदिशीची पहिली ओळ गातात. फक्त पहिली. दुसरी ओळ दिल्लीच्या या आर. के. पुरममध्ये मी तरी ऐकलेली नाही.

"काका, पुढचं कधी?" मी एकदा जिन्यात विचारलं.

"मुखडा मंजूर झाला की," ते म्हणाले आणि छत्री झटकत वर गेले.

काका मिनिस्ट्रीत अंडर सेक्रेटरी. सगळं जग त्यांना फायलींच्या रूपात दिसतं. मंडळाच्या गणपतीत पुण्याच्या एका गायकाने तासभर ताना मारल्या, लोकांनी मांडव डोक्यावर घेतला, आणि काका माझ्या कानाशी म्हणाले, "कव्हरिंग लेटर सुरेख आहे. मूळ पत्र जोडायचं राहिलं."

त्यांची ती ओळ म्हणजे रुसलेल्या सख्याची मनधरणी. एकदा बोल माझ्याशी, एवढंच मागणं. या एका 'बोल'चा काकांनी नुसता कीस पाडलाय. दुधाच्या रांगेत मला गाठून सांगतात, "काल जरा हुकूम झाला हो. आज अर्ज झाला. अर्जसुद्धा नकोय. समोरच्याला वाटलं पाहिजे, बोलावं बुवा याच्याशी." मागचे लोक "चलो चलो" करत असतात.

इथवर ठीक. पण काका बेसूर. तेही नेमके एकाच जागी. यमनात मध्यम तीव्र लागतो, म्हणजे नेहमीपेक्षा चढा. हे ऐन 'बोल'वर साधा मध्यम लावून मोकळे. मी काही वर्षं करोल बागेत जाऊन गाणं शिकलोय. रोज सहाला माझा चहाचा घोट तिथेच अडकतो. समोरच्या मिसेस खन्नांना रागदारीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्यासुद्धा म्हणाल्या, "भाईसाब, अंकल हर रोज़ एक ही जगह फिसलते हैं."

खरं म्हणजे त्या घरातलं गाणं कुसुमकाकूंचं. कॉलनीतल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे शिकल्या म्हणतात. मी इथे राहायला यायच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. दिवसा एक बाई असते सांभाळायला, बाकी त्या आतल्या खोलीत पडून. अशा बाईला रोज असला यमन ऐकवणं म्हणजे छळ आहे, असं माझं स्पष्ट मत होतं.

शेवटी एका रविवारी सहाच्या सुमारास मी वर गेलो. काकांनी चहाचं आधण ठेवलं होतं. "काका, राग मानू नका, पण तो मध्यम असा आहे," म्हणून मी ओळ गाऊन दाखवली. मध्यम अगदी जिथल्या तिथे लागला. माझा मलाच आवडला.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत सामसूम होती.

"बिल्कुल बरोबर गायलात," ते हळूच म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे. आता जरा गप्प बसा."

मग डोळे मिटून त्यांनी तीच ओळ गायली. 'बोल' इतका मऊ आला की मघाशी मी गायलो ते नुसतं कव्हरिंग लेटर होतं, हे मला कळलं. आणि त्यावर तोच चुकीचा मध्यम, चांगला ठासून.

आतून आवाज आला. बाईचा, घोगरा, थकलेला. तीच ओळ, शब्दांसकट, तीव्र मध्यमासकट. शिवाय स्वरात थोडा वैताग, चुकणाऱ्या विद्यार्थिनीला दटावावं तसा.

"बोलता येत नाही तिला. पाणीसुद्धा मागता येत नाही," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, गाणं कधीकधी शाबूत राहतं. आधी मी नीट गायचो, तर नुसती ऐकायची. एक दिवस खरंच चुकलो आणि तिला राहवलं नाही. पण नुसतं चुकून भागत नाही हो. 'बोल'मध्ये हुकूम आला की भिंतीकडे तोंड करते."

"आणि पुढची ओळ?"

"कुसुम मुखड्याशीच थांबते. ती पुढे गेली की मी जाईन." चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "कसा वाटला?"

"मध्यम?"

"मध्यम राहू द्या. आवाज. आधीपेक्षा मोकळा वाटतो ना?"

आधीचा आवाज मी कुठे ऐकला होता? तरी "बिल्कुल" म्हणालो.

आता सहाला मी रेडिओ बंद ठेवतो. कान दिला तर वरून दुसराही आवाज ऐकू येतो. परवा मिसेस खन्नांनी जिन्यात विचारलं, "अंकल की अगली लाइन कब आएगी?"

"अंकल के हाथ में नहीं है," मी म्हटलं. "मंज़ूरी अंदर से आनी है."