माझ्या निधनाच्या तीन प्रती

आमच्या बंदरातून अमेरिकेकडे निघालेलं एकही जहाज माझ्या पत्राशिवाय गेलेलं नाही! हे मी, अझाराया थॉर्न, स्पेनच्या किनाऱ्यावरचा अमेरिकेचा कॉन्सल, छाती ठोकून सांगत असे. आपल्या खलाशांना परक्या तुरुंगातून सोडवायचं, इथे वारलेल्यांचं सामान त्यांच्या घरी धाडायचं आणि उरलेल्या वेळात सरकारला लिहीत बसायचं, हे माझं काम. प्रत्येक पत्राच्या तीन प्रती, तीन जहाजांवर. दोन समुद्राने गिळायच्या, एक सरकारला मिळायची!

घरी, अमेरिकेत न्यूबरीपोर्टला, माझी बायको केझाया. पाण्याला भिणारी, म्हणून इकडे कधी आली नाही. त्या काठाला ती, या काठाला मी, मधे नुसती शाई.

त्या शरदात बंदरात तापाची साथ आली. माणसं इतकी जाऊ लागली की चर्चच्या घंटेलाही मनाई झाली. तिच्या आवाजानेच उरलेले खचत. लिंबं झाडावर पिकून गळत होती, वेचायला हात नव्हते. मीही आडवा झालो, त्या लिंबांहून पिवळा!

डॉक्टर फेर्मीननी नाडी पाहिली आणि माझ्या कारकुनाला, बाल्तासारला, सांगितलं, "हे काही संध्याकाळ बघत नाहीत."

"आणि जहाजं?" मी विचारलं.

"कसली जहाजं?"

"तीन आहेत! दुपारच्या भरतीला सुटतायत. उद्यापासून बंदर बंद! बाल्तासार, रडणं नंतर. लिही! 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की येथील कॉन्सल...'"

"साहेब, अहो तुम्ही अजून आहात!"

"पत्र पोचेपर्यंत असणार आहे का? 'कर्तव्यदक्ष' लिही."

"लिहिलं. 'मनमिळाऊ' लिहू?"

"नको. सरकारला खोटं कळवायचं नाही."

तसंच एक केझायाला. त्याच्याही तीन प्रती. भरतीला तिन्ही जहाजं सुटली, आणि मी समाधानाने डोळे मिटले.

उघडले तर स्वर्गात लसणाच्या सुपाचा वास! शेजारी बाल्तासार हुंदके देत देत वाडगा संपवत होता.

"मेल्या, मला ठेव थोडं!"

तो वाडग्यासकट किंचाळला. सूप माझ्या अंगावर! त्या चटक्याने खात्री पटली, मी जिवंत होतो. आणि लगेच दुसरा चटका बसला. केझाया!

"जिवंत आहे" असं लिहून त्याच्याही तीन प्रती काढल्या. बंदर बंद, म्हणून खुष्कीच्या वाटेने शेजारच्या बंदराकडे पाठवल्या. एक तिथून निघालेल्या जहाजाबरोबर बुडाली. एक चाच्यांनी पळवली. तिसरी साथीच्या पहारेकऱ्यांनी, रोग मरावा म्हणून, व्हिनेगरमध्ये अशी बुचकळली की लोणचं झालं! आणि निधनाच्या? माझ्या उभ्या नोकरीत प्रथमच तिन्ही सुखरूप पोचल्या. समुद्राने कधी नव्हे ती माया दाखवली, ती नेमकी तेव्हा!

हिवाळाभर मी धक्क्यावर उभा राहून रिकामं पाणी पाहिलं. वसंतात बंदर उघडलं आणि पहिल्याच जहाजातून माझ्या जागेवर नेमलेला माणूस उतरला. लेम्युएल टॅपन. काळा कोट, कोरा चेहरा.

"थॉर्नसाहेब वारले," तो मलाच म्हणाला. "माझ्याकडे तीन प्रती आहेत."

"मी थॉर्न! हा समोर उभा आहे!"

"त्याची एकच प्रत आहे."

"बरं, मी जिवंत असल्याचा दाखला तरी द्या! तो कॉन्सलच देतो ना?"

"दिला, तर कॉन्सल तुम्ही. मग मी कोण? आणि मी कोणीच नसलो, तर माझा दाखला मानणार कोण?"

मी तिथेच दोरखंडांच्या ढिगावर बसलो. "माझ्या बायकोला... कळलं?"

त्याने टोपी काढली. "मला निरोप द्यायला धक्क्यावर आल्या होत्या. काळ्या कपड्यांत. पाण्याच्या अगदी काठाशी उभ्या होत्या हो."

पाण्याच्या काठाशी! माझी केझाया!

टॅपनलाही गलबलून आलं असावं. "दाखला जमणार नाही," तो म्हणाला, "पण वारलेल्याचं सामान घरी धाडणं माझं कर्तव्य आहे."

असा मी निघालो. एक पेटारा, दोन कोट, एक छत्री आणि मी. कप्तानाने मला पेटाऱ्याशेजारीच झोपवलं, आणि वादळ आलं तेव्हा आम्हा दोघांना एकाच दोरीने बांधलं!

न्यूबरीपोर्टला दार वाजवलं. केझायाने उघडलं. काळ्या कपड्यांत ती इतकी बारीक दिसली, की वारलो मी का ही, तेच कळेना. बराच वेळ ती माझ्या बाहीचं टोक नुसतं चिमटीत धरून होती. मग म्हणाली, "हिवाळाभर रडले मी. पाद्रीबाबा सगळ्या गावासमोर तुम्हाला चांगले म्हणाले. आता त्यांना तोंड कसं दाखवू?"

"केझाया, मी आलोय गं!"

"दिसतंय. पाय पुसा आधी."

याला आता दोन वर्षं झाली. ती रोज माझ्याशेजारी बसून जेवते, हसतेसुद्धा कधीमधी. पण कपडे अजून काळेच. परवा धीर करून विचारलं, "आता तरी बदल की!"

तिने आपल्या काळ्या बाहीवरून हलकेच हात फिरवला.

"कापड चांगलं आहे हो," म्हणाली. "पुढे लागेलच."